‘राज्य चालवलं, आता देश चालवेल’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला फोटो बदलतो, पक्ष बदलतो, राज्य बदलतं. मुद्दे मात्र तेच: अर्थव्यवस्था दुप्पट केली, लाखो कोटींची गुंतवणूक आणली, निर्णय झटपट घेतले, निवडणुका जिंकून दिल्या, अंगावर एकही डाग नाही. आणि ज्यानं एवढं मोठं राज्य चालवलं, तो देश सहज चालवेल. आमचा आक्षेप फोटोतल्या माणसावर नाही. तो पंतप्रधानपदाला खरंच लायक असेलही. पण संदेशातल्या पुराव्यांनी ते ठरत नाही, आणि ज्यांनी ठरू शकतं ते पुरावे संदेशात नसतात.

‘राज्याची अर्थव्यवस्था दुप्पट केली.’ हा आकडा जवळजवळ नेहमी चालू किमतींतला असतो, म्हणजे त्यात महागाई मिसळलेली असते. चालू किमतींत वर्षाला ११ टक्के वाढ धरली तर रक्कम साडेसहा-सात वर्षांत दुप्पट होते, खुर्चीवर कोणीही असो. त्यातली ५ टक्के महागाई बाजूला काढली, तर उरलेल्या ६ टक्क्यांनी दुप्पट व्हायला बारा वर्षं लागतात. म्हणून राज्याचं स्थूल उत्पन्न स्थिर किमतींत, म्हणजे महागाई वगळून, बघावं आणि त्याची तुलना दोन दरांशी करावी: त्याच काळातला देशाचा दर आणि त्याच राज्याचा आधीच्या पाच वर्षांतला दर. मोजणी २०२०-२१ पासून केली असेल तर जास्तच सावध राहावं. त्या वर्षी टाळेबंदीनं उत्पादन खाली गेलं होतं, तिथून मोजलं की कोणाचीही वाढ फुगलेली दिसते. दरडोई आकडाही मागावा. एकूण उत्पन्नात महाराष्ट्र देशात पहिला आहे, पण २०२३-२४ च्या दरडोई उत्पन्नात तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा आणि तमिळनाडू आपल्या पुढे होते.

‘इतक्या लाख कोटींची गुंतवणूक आणली.’ आणली नाही, जाहीर केली. फेब्रुवारी २०१८ च्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत ४,१०६ सामंजस्य करार झाले, प्रस्तावित रक्कम १२.१० लाख कोटी रुपये. सामंजस्य करार बंधनकारक नसतो. त्यानंतर एमआयडीसीची जागा, पर्यावरण परवानगी, वीज आणि पाण्याची जोडणी, बँकेचं कर्ज असे टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर गळती होते. तपासायला सोपी खूण अशी: मोठे उद्योग केंद्राकडे औद्योगिक निवेदन, म्हणजे आयईएम, दाखल करतात. त्याचा ‘भाग अ’ हा इरादा असतो. ‘भाग ब’ प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावर भरला जातो. संदेशात करारांची बेरीज असते, आपण ‘भाग ब’ची विचारावी.

वेदांता-फॉक्सकॉनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हा चिप बनवण्याचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला, म्हणून महाराष्ट्रात महिनोन्महिने एकमेकांवर आरोप झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननं भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्यांनी ‘आणला’ त्यांचं श्रेय आणि ज्यांनी ‘घालवला’ त्यांचा दोष, दोन्ही एका कागदावर उभं होतं.

थेट परकीय गुंतवणुकीच्या राज्यवार आकड्यांतही अशीच गफलत होते. पैसे बहुधा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर मोजले जातात. कार्यालय मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या राज्यात असला तरी नोंद महाराष्ट्राच्या नावावर होऊ शकते.

‘निर्णय झटपट घेतो.’ वेग हा गुण आहेच, पण निर्णयानंतर काय झालं ते कळल्याशिवाय त्याला किंमत देता येत नाही. त्यासाठी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, यांचे राज्यावरचे अहवाल हाताशी असतात. ‘जलयुक्त शिवार’वर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावं पाण्यात स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगनं २०२० मध्ये नोंदवलं. योजना राबवणाऱ्यांचं उत्तर होतं की तपासलेली कामं एकूण कामांच्या मानानं फारच थोडी होती. हा वाद दोन्ही बाजूंनी वाचावा. एखादा नेता प्रतिकूल अहवालाला मुद्देसूद उत्तर देतो की अहवाल लिहिणाऱ्याच्या हेतूवर बोलतो, हे तिथेच कळतं.

दुसरी जागा पुरवणी मागण्यांची. २८ जून २०२४ ला महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात ‘लाडकी बहीण’साठीची तरतूद होती. योजना बरी की वाईट हा वेगळा प्रश्न. पण अर्थसंकल्पानंतर काही दिवसांत एवढी रक्कम पुन्हा मागावी लागत असेल, तर निर्णय हिशेब मांडून झाला की निवडणुकीकडे बघून, हे विचारायलाच हवं. हा प्रश्न एका माणसाला नाही, त्या मंत्रिमंडळातल्या सगळ्यांना लागू आहे.

‘निवडणुका जिंकून देतो.’ भाजपनं महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये लोकसभेच्या २८ पैकी ९ जागा जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या १४९ पैकी १३२. नेते तेच होते. पाच महिन्यांत त्यांची लायकी इतकी घसरली किंवा वाढली नाही.

‘एकही डाग नाही.’ इथे मतावर चालायचं कारण नाही, उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. प्रलंबित गुन्ह्यांत नुसता एफआयआर आहे की न्यायालयानं दोषारोप निश्चित केलेत, हे आधी बघावं. आंदोलनातले जमावबंदीचे गुन्हे आणि फसवणूक किंवा खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे एका बेरजेत मोजू नयेत, संदेश लिहिणारे सोयीनं तसं मोजतात. मग मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्तेतली वाढ बघावी, आणि ती पाच वर्षांच्या दाखवलेल्या उत्पन्नाशी जुळते का ते बघावं. जमिनीचा भाव वाढल्यानं मालमत्ता वाढणं स्वाभाविक आहे. प्रश्न येतो तो नव्या खरेदीचा. जोडीदाराचा आणि अवलंबितांचा रकाना लोक हमखास सोडून देतात, तो सोडू नये.

आता मुख्य दावा: ‘मुख्यमंत्रिपद हीच पंतप्रधानपदाची तयारी.’ मोरारजी देसाई, चरणसिंग, विश्वनाथ प्रताप सिंग, नरसिंह राव, देवेगौडा आणि नरेंद्र मोदी हे सहा जण पंतप्रधान होण्याआधी मुख्यमंत्री होते. नेहरू, शास्त्री, इंदिरा गांधी, वाजपेयी, मनमोहन सिंग हे कधीच नव्हते. सहापैकी चौघांचं सरकार पाच वर्षांच्या निम्म्याहूनही कमी टिकलं. देवेगौडांनी १९९४ मध्ये कर्नाटक जिंकलं, १९९६ च्या लोकसभेत तिथे जनता दलाला २८ पैकी १६ जागा मिळाल्या. ते १ जून १९९६ ला पंतप्रधान झाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये काँग्रेसनं पाठिंबा काढल्यावर पायउतार झाले. राज्यातलं यश खोटं नव्हतं. दिल्लीत सरकार ज्यांच्या टेकूवर उभं होतं, त्यांच्यावर त्या यशाचा काही जोर चालत नव्हता.

नरसिंह रावांचं उलट. आंध्रचे मुख्यमंत्री म्हणून ते सव्वा वर्षच टिकले. जमीन सुधारणा आणि ‘जय आंध्र’ आंदोलनाच्या रेट्यात जानेवारी १९७३ मध्ये त्यांना जावं लागलं आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. संदेशाच्या निकषावर ते नापास. पण पुढे परराष्ट्र, गृह, संरक्षण, मनुष्यबळ विकास ही खाती सांभाळून ते १९९१ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा परकीय गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती होती, आणि लोकसभेत बहुमत नव्हतं. त्यांनी अर्थखातं मनमोहन सिंगांना दिलं, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि सरकार पाच वर्षं टिकलं. त्यांच्याच कारकिर्दीत ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली आणि केंद्र ते रोखू शकलं नाही, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. या दोन्ही गोष्टींचा अंदाज त्यांच्या मुख्यमंत्रिपदावरून कोणालाही आला नसता.

कारण कामच वेगळं आहे. मुख्यमंत्र्याकडे पोलीस, शेती, आरोग्य, जमीन असते. चलन, संरक्षण, परराष्ट्र धोरण त्याच्याकडे कधी येत नाही. आणखी एक फरक आहे. मुख्यमंत्री अडचणीत केंद्राकडे बोट दाखवू शकतो, पंतप्रधानाला तशी सोय नाही. उलट त्याच्या सरकारला दुसऱ्या पक्षांची राज्यं सोबत घ्यावी लागतात. जीएसटी परिषदेत निर्णयाला तीन चतुर्थांश मतभार लागतो. केंद्राचा भार एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचा मिळून दोन तृतीयांश, म्हणजे केंद्राला राज्यांशिवाय आणि राज्यांना केंद्राशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून मुख्यमंत्र्याची पारख करायची तर त्याच्या हुकमात नसलेल्या ठिकाणी करावी: शेजारच्या राज्याशी पाण्याचा वाद, सीमाप्रश्न, आघाडीतला नाराज भागीदार, विरोधी बाकांवर घालवलेली वर्षं. शिवाय त्याच्या मंत्रिमंडळातले किती जण स्वतःच्या खात्याबद्दल त्याला न विचारता उत्तर देऊ शकतात, हेही बघावं.

शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या संदेशात हटकून असतो: ‘महाराष्ट्राला एकदाही पंतप्रधानपद मिळालं नाही, आता आपली पाळी.’ ही भावना आम्हालाही परकी नाही. पण ४८ खासदारांचं राज्य त्यासाठी लहान नाही, गुजरातचे २६ आणि कर्नाटकचे २८ आहेत. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या पराभवात, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दलप्रमुख अर्जनसिंगांनी हवाई दल वापरण्याची परवानगी मागितली, ती चव्हाणांनी तिथल्या तिथे दिली. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार पडल्यावर राष्ट्रपती संजीव रेड्डींनी सरकार बनवण्यासाठी आधी त्यांनाच बोलावलं. अनुभवात ते कोणाला हार गेले नसते. लोकसभेत महाराष्ट्राबाहेरचे पुरेसे खासदार त्यांच्यामागे उभे राहिले नाहीत, आणि काही दिवसांनी चरणसिंगांचा शपथविधी झाला.