एमजीबी विकायचीय? या, शिकवतो

जुनी एमजीबी रोडस्टर, म्हणजे ती बिनटपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ‘रिस्टोअर आणि अपग्रेड’ करून विकायला काढलीय? झकास. गेल्या शनिवारी लेस्टरहून चार तास गाडी हाकत डेव्हनला अशीच एक गाडी बघायला जाऊन मी या विद्येत पारंगत होऊन आलोय. फी म्हणाल तर येण्याजाण्याचं पेट्रोल आणि परतीच्या वाटेवर बायकोचे टोमणे. तुम्हाला फुकट सांगतो.

फोटो पाऊस पडून गेल्यावर काढा. ओला रंग शालूसारखा खुलतो. गाडीच्या खालून एकही फोटो नको.

‘पूर्ण रिस्टोअर’ लिहा. काय पूर्ण केलं, ते लिहू नका.

‘अपग्रेड’ म्हणजे ब्लूटूथचा रेडिओ, लाकडी स्टिअरिंग आणि एलईडी दिवे. गाडी 1977ची असेल तर काळे रबरी बंपर काढून क्रोमचे चढवा, लगेच पाच-सात वर्षं मागे जाते. रबरी बंपर आले तेव्हा कंपनीने गाडीची उंचीही वाढवली होती, पण ती उतरवायची तर सस्पेन्शनला हात घालावा लागतो. राहू द्या. चाकावरच्या पोकळीत मांजर वीत असेल तर विऊ द्या.

आता गंज. दाराखालचे सिल, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे पत्र्याचे पोकळ पट्टे. या गाडीला वेगळी चेसिस नाही आणि रोडस्टरला वर टपही नाही, त्यामुळे पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना धरून असतात ती मुख्यतः या सिलांच्या जिवावर. नीट बदलायचे तर पुढचा मडगार्ड उतरवा, मागच्याचा खालचा भाग कापा, बॉडी वाकू नये म्हणून दाराच्या जागी आडवी सळई वेल्ड करा, मग आतला पत्रा, बाहेरचा पत्रा... एवढा उपद्व्याप कोण करतो? गंजावरच नवा पत्रा ठोका, लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, घासा, रंग मारा. मी आमच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट मोज्यात घालून नेला होता. दाराला चिकटला. बॉनेटला चिकटला. सिलला लावला तर बाप्पा घसरले थेट चिखलात! बोटभर जाडीची लांबी होती तिथे. मालक म्हणतात, “मॅग्नेट जुना झाला असेल.” म्हटलं, जॅक लावून बघू. लावला, तर दार उघडेना. गाडी मधोमध वाकली आणि दाराची फट मिटली. वर ऐकवतात, “या गाड्या अशाच असतात.” नाही हो, नसतात अशा! ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या, त्या काय दार अडकवून बाहेर पडल्या? बॉडी गेलीच असेल तर 1988 पासून नवी कोरी शेल, म्हणजे बॉडीचा अख्खा सांगाडा, तयार मिळतेय. पण ती घ्यायला पैसे पडतात, आणि लांबीचा डबा स्वस्त, नाही का?

‘एमओटी लागत नाही’ हे ठळक छापा. एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक तपासणी. 40 वर्षांपुढच्या गाड्यांना 2018 पासून तिची माफी आहे, त्यालाच सर्टिफिकेट समजा.

बिलांची फाइल जाडजूड हवी. मला दाखवली तिच्यात कारपेटची होती, पॉलिशची होती, वायपरच्या रबराचंसुद्धा होतं. वेल्डिंगचं एकही नाही.

‘टाइमपास करणाऱ्यांनी येऊ नये’ हे शेवटी लिहाच. चार तास गाडी चालवत येतो तो टाइमपास करायलाच येतो.

घरी आल्यावर सरकारी साइटवर नंबर टाकला. एमओटीचा जुना रेकॉर्ड तिथे कुणालाही फुकट दिसतो. या गाडीची शेवटची टेस्ट 2016ची. नापास. कारण: सिल गंजलेले, दोन्ही बाजूंचे.

म्हणजे मालक, तुम्हाला माहीत होतं. त्या कागदावर लिहिलेलं वाचलंत आणि त्यावर रंग मारलात. त्या गाडीत शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसणार होती. कुठला स्कार्फ बांधायचा तेही तिने ठरवून ठेवलं होतं. लाज वाटू द्या जरा. गंज आहे ना? मग तो दाखवा, ‘काम बाकी आहे’ लिहा आणि तशी किंमत लावा. वेल्डिंग येणारा कुणीतरी हसत घेऊन जाईल. खरं सांगितलं असतंत तर मीच घेतली असती.