‘पायाला लागली तरी जनावर जागीच पडतं’ म्हणे!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा असा: ‘लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडावं – एका जुन्या शिकाऱ्याचे अनुभव’. शिकाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. मजकूर वाचल्यावर का नाही ते कळतं.

एरवी मी असलं काही पुसून टाकतो आणि विसरतो. पण वाडीतल्या थोरल्या चुलतभावाने तो उचलून थेट माझ्या भाच्याला पाठवला. भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत नोकरीला आहे. तिकडे शिकार कायदेशीर आहे, पण १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र काढावं लागतं. ते त्याने काढलं, लायसन घेतलं, आणि यंदा तो एल्कच्या मागे जाणार आहे. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड हरीण, नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो. तर या पोराचा मला निरोप: “मामा, मेसेजमधलं .३०० मॅग्नमच घेतो. पायाला लागली तरी जागीच पडतं म्हणतायत, म्हणजे लांबून मारलं तरी चालेल ना?”

फौजेत पोरांना फायरिंग शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचे मुद्दे थोडक्यात सांगतो. काडतूस मोठं तितका मार लांब, .३०० विंचेस्टर मॅग्नम (जादा दारूचं, जोरदार काडतूस) घेतलं की हजार मीटरवरचं जनावर आपलं. गोळी पहिले चारशे मीटर सरळ रेषेत जाते. वेगवान गोळीचा ‘धक्का’ रक्तातून हृदयापर्यंत पोचतो, म्हणून ती कुठेही लागली तरी जनावर उडून पडतं आणि जागीच मरतं. लष्करी गोळी आरपार जाते, म्हणून शिकारीला तीच उत्तम. आणि शेपटाला, नव्या कायद्याने शेतकऱ्याला गवा-डुक्कर मारायची मोकळीक मिळाली आहे.

सुरुवात धक्क्यापासूनच करू, कारण पोराला फसवलंय ते याच मुद्द्याने.

आधी ‘उडून पडतं’चा हिशोब. .३०० विंचेस्टर मॅग्नमची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅमची. नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. वजन गुणिले वेग केलं की संवेग येतो, तो इथे सुमारे साडेदहा किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हा सगळाच्या सगळा साडेतीनशे किलोच्या एल्कला दिला, तर एल्कला वेग मिळेल सेकंदाला तीन सेंटिमीटर. मुंगळा याहून जोरात धावतो. आणि हा हिशोब नळीच्या तोंडाशी धरलाय, हजार मीटरवर गोळीचा वेग निम्म्याच्या आसपास आलेला असतो. हजार किलोचा गवा असेल तर त्याला जाणवणारही नाही. शिवाय जो संवेग गोळीला पुढे मिळतो, तेवढा आणि दारूच्या वायूंचा थोडा वरचा, रायफल आपल्या खांद्याला मागे देते. गोळीने जनावर उडत असतं तर बार काढणारा आधी उडाला असता. शाळेच्या विज्ञानात न्यूटनचा तिसरा नियम आहे, मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं तरी वाचायचं होतं.

आता रक्तातून हृदयापर्यंत जाणारी ‘धक्क्याची लाट’. यावर मार्टिन फॅकलर या माणसाचं काम वाचावं. हा व्हिएतनाम युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेला अमेरिकन लष्करी सर्जन. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन लष्करी संस्थेत त्याने गोळ्यांच्या जखमांची प्रयोगशाळा उभारली, जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून त्यांचे मार्ग मोजले. गोळीसोबत दाबाची एक लाट जाते हे खरं आहे. पण मूतखडा फोडायचं जे यंत्र (लिथोट्रिप्सीचं) असतं, ते त्याहून जोरदार लाटा शरीरात सोडतं, एका बैठकीत शेकड्यांनी, आणि आजूबाजूचं मांस शाबूत राहतं, हे त्याने दाखवून दिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात मूतखड्याचा रोगी प्रत्येक वाडीत एक तरी असतो. त्यातला कोणी लिथोट्रिप्सीच्या टेबलावर हृदय बंद पडून गेल्याचं ऐकलंय? जखम होते ती गोळी ज्या मार्गाने मांस चिरडत जाते त्या मार्गावर.

अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने देऊन टाकतो. रायफलच्या वेगवान गोळीभोवती मांस क्षणभर बाहेर ताणलं जातं, एक तात्पुरती पोकळी तयार होते. यकृतासारखा कमी लवचीक अवयव त्यात फाटतो. पण ही पोकळी गोळीच्या मार्गालगतच असते. मागच्या पायाला गोळी लागली तर छातीतल्या हृदयाला तिचा पत्ताही नसतो.

जागीच पडणारी जनावरं असतात, नाही कोण म्हणतो? मेंदू किंवा मानेच्या बाजूचा कणा सापडला तर जनावर तिथेच कोसळतं. हृदय-फुप्फुसात बरोबर बसलेली गोळीही जनावराला पळू देते. हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू उरतो, आणि तेवढ्यात हरीण शंभर मीटर सहज काढतं. हे अगदी उत्तम नेमाचं सांगतोय. पायाला लागलं तर तीन पायांवर एल्क डोंगर ओलांडून जातो, आणि जखम सडून कित्येक दिवसांनी कुठल्यातरी घळीत मरतो. शिकाऱ्याला वाटतं नेम चुकला. आपल्याकडे याच उपद्व्यापातून जबडा फुटलेलं रानडुक्कर शेताच्या बांधावर बसून राहतं आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईवर येतं. ‘कुठेही मारा’ असं लिहिणाऱ्याला असल्या डुकराच्या मागावर एकदा रानात पाठवायला हवं.

लष्करी गोळीचा मुद्दा याच्या खालोखाल वाईट. पूर्ण तांब्याच्या वेष्टणातली फौजी गोळी शरीरात फुलत नाही, पुष्कळदा बारीक भोक पाडून निघून जाते. जनावर तशा जखमेनं मरतं, पण उशिरा आणि लांब जाऊन. शिकारीची गोळी मऊ टोकाची असते, आत जाऊन फुलते, रुंद मार्ग पाडते. गंमत अशी की फुलणाऱ्या गोळीचा जगभर गाजावाजा आपल्याच देशातून झाला. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी त्या बनवल्या, आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली गेली. फौजेला फुलणारी गोळी का मिळत नाही, तर या बंदीमुळे. शिकारीला फौजी गोळी बरी असते म्हणून नव्हे. कोलोरॅडोचा नियम तर याच्या नेमका उलट सांगतो: मोठ्या जनावराला फुलणारीच गोळी हवी, व्यास किमान .२४ इंच, एल्कसाठी गोळीचं वजन किमान ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा. भाच्याने मेसेज ऐकला असता तर पहिल्याच तपासणीत अडकला असता.

मेसेजमध्ये पुरावा म्हणून डब्ल्यू. डी. एम. बेलचं नाव टाकलंय, तेवढं मात्र खोटं नाही. या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या छोट्या माउझर काडतुसाने, न फुलणाऱ्या गोळीने. बरोबर. हत्तीच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचायला तशीच गोळी लागते. पण बेल मारायचा जवळून, आणि मेंदू नेमका कुठे आहे हे त्याला पाठ होतं. म्हणजे हे उदाहरण मेसेजच्याच पहिल्या मुद्द्याच्या मुळावर येतं: हत्तीला छोटं काडतूस पुरलं, आणि अंतर थोडं होतं. जिम कॉर्बेटची आवडती .२७५ रिग्बी हेही त्याच माउझर काडतुसाचं इंग्रजी नाव. त्याला ती १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्यावर भेट मिळाली.

गोळी चारशे मीटर सरळ जाते, हे तर पोरकट आहे. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. नळी नेमरेषेपेक्षा, म्हणजे डोळ्यापासून सावजापर्यंतच्या सरळ रेषेपेक्षा, किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी नेमरेषा ओलांडून वर जाते आणि परत खाली येते. त्यावरून कोणीतरी ‘उठते’, ‘सरळ जाते’ असं काहीबाही ठरवलं. मॅग्नमची गोळीसुद्धा तीनशे मीटरवर नळीच्या रेषेपासून अर्ध्या मीटरहून जास्त खाली आलेली असते. हजार मीटरवर तर दहा मीटरच्या आसपास. भाच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. एल्कचं रान समुद्रसपाटीपासून अडीच-तीन हजार मीटर उंचावर असतं. तिथली हवा विरळ, गोळीला अडथळा कमी, त्यामुळे किती अंतरावर गोळी किती खाली येते याचा इकडच्या समुद्रसपाटीचा तक्ता तिकडे लागू पडणार नाही. तक्ता आपल्या रायफलीवर, आपल्या गोळीने, तिकडच्याच हवेत करायचा.

उरला मोठ्या काडतुसाचा लांब मार. यात तथ्य आहे ते एवढंच: मॅग्नम वेग जास्त देतं, त्यामुळे चारशे मीटरपर्यंत घसरण आणि वाऱ्याची चूक थोडी कमी होते. पण वेग टिकतो तो गोळीच्या आकाराने. लांब, टोकदार, वजनदार गोळी हवा चांगली कापते. २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमोर हे काडतूस लहान असूनही लांबच्या पल्ल्यात नाव मिळवून बसलं ते याच जोरावर. हजार मीटरवर ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा मॅग्नमच्या गोळीलाही दोनेक मीटर बाजूला नेतो. आपल्याकडे दुपारी खारा वारा सुटला की सड्यावर छत्री उलटी होते, आणि खाली दरीत पान हलत नसतं. दोन डोंगरांमध्ये वारा कुठे किती आहे, हे सांगणारं काडतूस अजून कोणी बनवलेलं नाही. हजार मीटर कापायला गोळीला दीड सेकंद लागतो. चरणारं जनावर दीड सेकंदात दोन पावलं टाकतं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. त्यावर कडी म्हणजे बहुतेक फुलणाऱ्या गोळ्यांना फुलायला सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो. हजार मीटरवर मॅग्नमकडे तेवढा उरत नाही. म्हणजे पैसे टाकून घेतलेली शिकारी गोळी तिथे फौजी गोळीसारखीच वागते.

मॅग्नमचा दणका ६.५ च्या दुपटीने जास्त. नवखा माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा चोरतो. रेंजवर हे मी इतक्यांदा पाहिलंय की मेसेज वाचताना हसू आलं.

म्हणून भाच्याला मी कळवलं ते असं. १९०६ चं .३०-०६ घे, १९५२ चं .३०८ घे नाहीतर क्रीडमोर घे, तीनशे मीटरच्या आत चांगल्या फुलणाऱ्या गोळीने यातलं कुठलंही पुरतं. मग बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर टेकून, धाप लागलेली असताना जेवणाच्या थाळीएवढ्या पत्र्यावर गोळ्या झाड. ज्या अंतरावर एकही चुकत नाही, ते तुझं अंतर. त्यापुढे जनावर दिसलं तर जवळ जा. जाता येत नसेल तर सोडून दे.

कायद्याचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण भाच्याला त्याचा उपयोग नाही, पण मेसेज पुढे ढकलणाऱ्या आमच्या चुलतभावाला आहे. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची एकनळी बारा बोअर आहे. भाऊ, गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो मारला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात काहीही सैल झालेलं नाही. रानडुकराबाबत अर्धं खरं आहे: शेतीची नासाडी होत असेल तर वनखात्याकडून लेखी परवानगी मिळू शकते, अटींसह. ती हातात पडण्याआधी बार काढला तर ती शिकारच धरली जाते. आणि ७.६२ किंवा .३०३ रायफल घ्या हा मेसेजमधला सल्ला तर डोक्यावर हात मारायला लावणारा. ही फौजी मापं साध्या लायसनवर मिळतच नाहीत. आपल्याकडे .३१५ हे वेगळं माप चाललं ते त्यामुळेच.

आणि कोकणात लांब मार हवाय कोणाला? रात्री डुक्कर येतं ते सुरणाच्या नाहीतर भाताच्या शेतात, वीस-तीस पावलांवर. रायफलची चुकलेली गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते, आणि आमच्याकडे तेवढ्या टप्प्यात तीन वाड्या, एक शाळा आणि एस.टी.चा थांबा येतो. सावज समजून माणसावर बार काढल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, त्याही जवळच्या अंतरावरच्या. नासाडी झाली असेल तर भाऊ, सकाळी फोटो काढ, वनरक्षकाला बोलाव, पंचनामा करून घे आणि भरपाईचा अर्ज त्याच दिवशी दे. सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेव, नाहीतर परत फेरी पडते.