अठरा पूर्ण झाली, अभिनंदन!

एखाद्या बालगृहातला मुलगा यंदा अठरा वर्षांचा होणार असेल आणि त्याला स्वतःच्या पायांवर उभं करायची तुमची मनापासून इच्छा असेल, तर आधी घाई करा. कायद्याच्या लेखी तो आदल्या रात्रीपर्यंत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असतो. सकाळी ती गरज संपते. वाढदिवस १ जूनचा निघाला तर दचकू नका. महाराष्ट्रात ज्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती ते सगळे १ जूनलाच जन्मले, त्यात कितीतरी निवृत्त हेडमास्तरही आले. कागदच नसेल तर हाडांचा एक्स-रे काढून वय ठरवतात. त्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, असं डॉक्टरच सांगतात. ट्रंक भरायची तारीख मात्र इकडेतिकडे होत नाही.

निरोपाला भाषण करा. विषय अर्थातच स्वावलंबन. तुमचे स्वतःचे चिरंजीव सव्वीस वर्षांचे आहेत, हिंजवडीत नोकरीला आहेत, आणि त्यांच्या फ्लॅटवर अजून दर महिन्याला गोडा मसाला, मेतकूट आणि लाडवांचा डबा पोचता होतो, हे भाषणात आणू नका. गाडीचा हप्ता कोण भरतं हे तर मुळीच नको. त्यापेक्षा आजोबांचं उदाहरण द्या. आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले, पुढे मामलेदार झाले! फक्त, वारावर जेवणं म्हणजे सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, अशी आठवड्याला सात घरं, या हिशोबात शिरू नका. समोरचा पोरगा गणितात बरा असला तर पंचाईत होईल.

व्यवहारज्ञान त्याला नाही, ही तक्रार जरूर करा. इतकी वर्षं तो घंटेवर उठला, घंटेवर जेवला, घंटेवर झोपला. ऐंशी जणांच्या आमटीला किती तूरडाळ लागते हे तो झोपेतही सांगेल. एका माणसाच्या आमटीला मूठभर घ्यायची की वाटीभर, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याने पहिल्या पगारात बूट घेतले आणि वीस तारखेनंतर वडापाववर काढले, की ‘यांना पैशाची किंमत नसते’ असं म्हणायला तुम्ही मोकळे.

मग खोली. घरमालक या नात्याने इथे तुमचं मार्गदर्शन फार मोलाचं ठरतं. पोरगा दारात उभा आहे, इस्त्रीचा शर्ट घालून.

‘‘आडनाव काय?’’ सांगतो. ‘‘गाव कुठलं?’’ गप्प. ‘‘वडील काय करतात?’’ ‘‘नाहीत, काका.’’ ‘‘अरेरे! मग घरी कोण कोण असतं?’’

इथे आवाज मऊ करावा. ‘‘तसं माझं काही नाही रे बाळा, पण सोसायटीचा नियम आहे. कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये.’’ परवाच तो सरकारदरबारी मोठं माणूस झाला आहे, पण खोलीच्या बाबतीत ते धरायचं नसतं. भाडेकरार आणि पोलीस पडताळणीला कायमचा पत्ता मागा. आधार कार्डावर बालगृहाचा पत्ता आहे. बालगृह सांगेल, तो आता इथे राहत नाही. झालं की तुमचं काम! आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं, त्यात भावना आणू नयेत.

सरकार काहीच करत नाही असं कुणी म्हणालं तर कागद काढून दाखवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पश्चात देखभाल, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची मदत आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत; नियमांत अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंतही. मदत देता येते. दिलीच पाहिजे असं नाही, एवढी लवचीकता कायद्याला हवीच. त्यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपये आहेत. त्यात पुण्यात कॉट आणि डबा यांतलं एक काहीतरी येतं. नोकरी-शिक्षणात अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण महाराष्ट्राने २०१८ मध्येच दिलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, म्हणजे ज्याचं कुणी नाही त्याने आपलं कुणी नाही याचे पुरावे गोळा करून आणायचे. जातीचा दाखला हवा म्हणाला तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, आजोबांच्या शाळेचा उतारा मागा. ओबीसीचा नियमच तसा आहे.

संस्थेऐवजी मामाकडे वाढलेल्यांची तर चैनच. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबतात. त्यानंतरही मामीचा चहा चालू राहिला तर आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे असं समजावं.

मुलगी असेल तर फारच सोपं, तिचं पुनर्वसन म्हणजे लग्न. चाळिशीतले उपवर स्वतः अर्ज घेऊन येतात, ‘काही अपेक्षा नाहीत’ म्हणतात. खरंच नसतात. तिने उठसूट माहेरी जाऊ नये, एवढीच एक. आणि माहेर नाही याची चौकशी करूनच ते आलेले असतात.

काही माणसं मात्र या शिस्तीत बसत नाहीत, त्यांच्यापासून सावध राहा. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी अनाथ दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं, आणि अठरा झाली म्हणून यांना बाहेर काढू नका, असा कायदा मागत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. मागितला होता कायदा.

आता उरली दिवाळी. मेस चार दिवस बंद, रूममेट गावाला गेलेले, तेव्हा त्याचा फोन येणारच. उचला, त्यात कमीपणा नाही. तब्येत विचारा, नोकरी टिकली का विचारा, फराळ उरला आहे हे सांगायची गरज नाही. ‘‘अरे, ये की एकदा जेवायला!’’ असंही अगदी मोकळेपणाने म्हणा. वार मात्र सांगू नका.