‘पूर्ण सावली’ म्हणे! होस्टाच्या कुंडीतली ही चिठ्ठी आधी बदला

न्यू जर्सीत मे महिना उजाडला की दुकानोदुकानी पांढऱ्या-पिवळ्या काठाच्या पानांचे मोठे होस्टे, म्हणजे पानांसाठीच लावायची शोभेची झाडं, मांडतात आणि प्रत्येक कुंडीत तीच चिठ्ठी खोचलेली: ‘पूर्ण सावली’. अरे, होस्टा सावली सोसतो! सोसणं आणि मानवणं यात काही फरक आहे की नाही?

पांढऱ्या काठात हरितद्रव्य जवळपास नसतंच. अख्ख्या पानाचा स्वयंपाक मधला हिरवा पट्टा करतो. त्यालाच अंधारात कोंडलं तर गड्डा वाढणार कसा? दरवर्षी कोंब कमी, पानं लहान. मग दुकानातून सल्ला मिळतो, खत घाला. खताने उजेड मिळतो का? सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि नंतर विरळ सावली, एवढंच मागतो तो. दुपारचं ऊन मात्र नकोच. काठ करपून कागदासारखा होतो आणि ते पान पुन्हा काही सुधारत नाही. ‘फ्रान्सिस विल्यम्स’चा काठ तर वसंतातच करपतो, ती खोड त्या वाणातच आहे. चिठ्ठीवर त्याबद्दल अवाक्षर नाही!

‘पूर्ण सावली’ वाचून लोक रोप नेऊन लावतात कुठे, तर नॉर्वे मेपलच्या बुंध्याशी. त्याची मुळं वरच्या थरातच पसरतात. तुम्ही खड्ड्यात कंपोस्ट घातलं की ती तिकडेच धावतात. दोन वर्षांनी खुटलेला गड्डा उकरून बघा: भोवती मेपलच्या तंतुमुळांची चटई, इतकी दाट की खुरपं आत जात नाही. आठवड्याला इंचभर पाणी द्या म्हणतात, पण ते आधी मेपल पितो. तिथेच लावायचा हट्ट असेल तर पंधरा गॅलनची कुंडी घ्या आणि विटांवर उचलून ठेवा. जमिनीत पुरलीत तर तळाच्या भोकांतून मुळं आत शिरलीच म्हणून समजा.

आणि जागा! ‘सागाए’ हा होस्टाचा मोठा वाण भरला की पाच फूट पसरतो. पण हातात येतं वीतभर रोप, म्हणून दीड-दीड फुटावर तीन लावले जातात. भरायला पाच-सहा वर्षं लागतात हे विकताना सांगायला काय जातं?

काठ नसलेला निव्वळ हिरवा कोंब दिसला तर तो गड्ड्याच्या तुकड्यासकट कापून काढा, लगेच. तो जोमाने वाढतो आणि काठाच्या कोंबांना दाबून टाकतो. हेही चिठ्ठीवर नाही.