चौकटीवरचा एक सेंटीमीटर

चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी जिमला जायचं जाहीर केलं आणि घरात तज्ज्ञांची तातडीची बैठक भरली. "वजनं उचलली की उंची खुंटते. आपल्याच बापाकडे बघ," माझ्या आईने निकाल दिला. मी आयुष्यात डंबेल उचललेलं नाही, तरी 5 फूट 3 इंचांवर थांबलो. पण या विषयात माझं मत पहिल्यापासून खालूनच येतं, त्यामुळे ते कुणी ऐकत नाही.

पोरगा गेलाच. पहिल्या दिवशी सकाळी आईने त्याला दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळी तो जिमवरून आल्यावर दुसरी. एक सेंटीमीटर खाली! "एका दिवसात एक," आईने बोटं मोजायला घेतली. त्या हिशेबाने साडेपाच महिन्यांत नातू संपणार होता.

डॉक्टर पोटभर हसले. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. संध्याकाळी सगळं जगच थोडं बुटकं असतं. मग त्यांनी हाडांच्या टोकांजवळच्या ग्रोथ प्लेट दाखवल्या. उंची वाढते ती तिथून. त्यांना जबर इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते, भीतीचं मूळ तेवढंच. पण तशी इजा सायकलवरून पडूनही होते. शिकवणारा जाणता असला, वजन बेताबेताने वाढवलं, तर उंचीचं काही बिघडत नाही. उलट 5 ते 17 वयाच्या मुलांनी आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

"मग वेटलिफ्टर बुटके का?" आईने हुकमाचं पान टाकलं. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू जेमतेम 147 सेंटीमीटरचा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने 190 किलो डोक्यावर नेले होते. डॉक्टर म्हणाले, आखूड हातापायांना बार कमी अंतर न्यावा लागतो, म्हणून बुटके त्या खेळात टिकतात. बास्केटबॉल खेळून कुणी ताडमाड होत नाही, तसंच हे. मी मोबाइलवर जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे दाखवला: उंची 197 सेंटीमीटर, 2021 मध्ये वेटलिफ्टिंगचे दोन्ही प्रकार मिळून 492 किलो.

आईने फोटो निरखला. "आधी किती होता हा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा सेंटीमीटर परत आला. टेप हातात होतीच, म्हणून बायकोने मलाही चौकटीला उभं केलं. कॉलेजातल्या नोंदीपेक्षा दीड सेंटीमीटर कमी.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कधी काय उचललं होतं?"