चकलीची खतावणी

दिवाळीला पंधरवडा उरला आणि जिन्यात भाजणीचा वास दरवळू लागला, की ओळखीतल्या निम्म्या मंडळींना वजनाची चिंता ग्रासते आणि उरलेली निम्मी मंडळी त्यांचे सांत्वन करण्यासाठी चकलीचा पहिला घाणा घेऊन त्यांच्या दारात उभी राहतात. हे टिपण पहिल्या प्रकारच्या मंडळींसाठी आहे. माझी बत्तीस वर्षे लेखापरीक्षणात गेली असून आहारशास्त्राशी माझा संबंध केवळ खाणारा म्हणून आलेला आहे; तरीही, किंबहुना त्यामुळेच, वजन हा खाण्याचा प्रश्न नसून हिशेब लिहिण्याचा प्रश्न आहे, हे मला इतरांपेक्षा लवकर उमगले. या बत्तीस वर्षांत अडचणीत आलेल्या एकाही संस्थेने ‘आम्ही जास्त खर्च केला’ असे कबूल केल्याचे मला आठवत नाही; खर्च नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी खात्यावर पडलेला असे. संस्थांना जे साधते ते तुमच्या पोटाला का साधू नये? तेव्हा कमी खाण्याच्या फंदात न पडता नोंद कुठे आणि कशी करावी, एवढे शिकून घ्यावे.

प्रतिपक्षाची बाजू आधीच ऐकून घेऊ, म्हणजे ती पुन्हा ऐकावी लागणार नाही. आहारतज्ज्ञ सांगतात की एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून 4 मिळतात, आणि अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. आता 40 ग्रॅमचा एक बेसनाचा लाडू घ्या (तूर्त हातातच घ्या). त्यात 12 ग्रॅम तूप धरले तर त्याच्या 108, 14 ग्रॅम साखरेच्या 56 आणि उरलेल्या बेसनाच्या पन्नासेक, म्हणजे आकडा दोनशेच्या वर जातो; आणि 70 किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालला, तर खर्ची पडतात जेमतेम 245. एका लाडवामागे जवळजवळ एक तास! या हिशेबात चूक काढता येत नाही, हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि म्हणून सणासुदीच्या दिवसांत तो घरात कोणालाही मोठ्याने करू देऊ नये. लाडू ग्रॅमवर नव्हे, नगावर मोजावा. नग हे एकक अत्यंत सोयीचे आहे. लिंबाएवढा लाडू आणि मोसंबीएवढा लाडू यांची त्यात सारखीच नोंद होते.

नोंद टाळण्याची पहिली संधी फराळ तयार होण्यापूर्वीच चालून येते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावेत, कुटून गुळात मळावेत, ते पीठ मुरत ठेवावे, खसखशीवर थापून तुपात सोडावे, आणि एवढे सगळे करूनही एखादा अनारसा कढईत हसतो, म्हणजे त्याचे तुकडे होऊन ते तुपावर सैरावैरा तरंगू लागतात. चकलीचेही तेच आहे: मोहन जास्त पडले तर ती तेलात विरघळते आणि कमी पडले तर खाणाऱ्याच्या दाताची परीक्षा घेते. हा सगळा माल पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा नसतो. त्यामुळे तो संपवणे याला खाणे म्हणत नाहीत, निर्लेखन (म्हणजे वाया गेलेला माल वहीतून कायमचा काढून टाकणे) म्हणतात, आणि निर्लेखित मालाला कॅलरी नसतात. गेल्या वर्षी आमच्या घरी अनारशांचा तिसरा हिस्सा असाच हसला. मी कढईशेजारी बसून पीठ थापू लागल्यामुळे ते हसले, असा घरच्यांचा आक्षेप आहे. तो मी नोंदवून घेतला असून त्याची पूर्तता यथावकाश करीन.

नरक चतुर्दशीचा फराळ म्हणजे तर आपल्या पूर्वजांनी हिशेबावर काढलेला अव्वल दर्जाचा तोडगा आहे. आपला दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला होतो. उटणे लावून, अभ्यंगस्नान आटोपून, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून माणूस फराळाला बसतो तेव्हा बाहेर अंधार असतो. म्हणजे ते खाणे आदल्या दिवसाचे ठरते, आणि आदल्या दिवसाची रोजकीर्द तर रात्रीच बंद केलेली असते. उजाडल्यानंतरचा फराळ हा चालू दिवसाचा पहिलाच असल्यामुळे तो पोटभर करण्यास कोणाचीच हरकत असू नये.

यानंतर शेजाऱ्यांची आणि नातलगांची खाती येतात. आग्रहाने वाढलेला पदार्थ नेहमी यजमानाच्या नावे टाकावा, स्वतःच्या नव्हे. त्यासाठी दोनदा स्पष्ट शब्दांत ‘नको’ म्हणावे आणि तिसऱ्यांदा ताटाकडे पाहत गप्प राहावे; साक्षीदारांदेखत दिलेले दोन नकार कोणत्याही चौकशीत टिकतात. नातवाच्या ताटात उरलेली अर्धी करंजी अन्नाचा अपमान होऊ नये म्हणून खाल्ली जाते, तेव्हा तिचा खर्च धर्मादाय खात्यावर पडतो. नैवेद्याचे मोदक, पुरणपोळ्या वगैरे देवाच्या नावे आधीच लिहिलेल्या असतात, आपण केवळ त्याच्या वतीने ते स्वीकारतो. राहता राहिले ते उभ्याने खाल्लेले, डबा कोणता आहे हे पाहण्यासाठी झाकण उघडले असता खाल्लेले, आणि चिवड्यात मीठ बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी तीन वेळा खाल्लेले. हे सगळे उचंत खात्यावर, म्हणजे कुठे टाकायचे ते न ठरलेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यावर, ठेवावे. उचंत खाते वर्षअखेरीस निकाली काढायचे असते असा नियम आहे, परंतु ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना ते कधी निकाली निघते का हे सांगायला नको. माझ्या उचंत खात्यात 1994 सालचे काही शंकरपाळे अजून पडून आहेत.

इतकी खबरदारी घेऊनही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो पुढे सरकलेला दिसला, तर खचून जाऊ नये. खारट चिवडा आणि शेव खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवते. गोड खाल्ल्यावर शरीरात जी साखर साठते, तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे एका रात्रीत वाढलेल्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो. हे विधान शास्त्रशुद्ध आहे आणि साधारण चार-सहा दिवस खरेही राहते. मी ते साधारणपणे होळीपर्यंत वापरतो.

कंबरेची आणि उंचीची मापे काढणाऱ्यांपासून मात्र विशेष सावध राहावे. समजा तुमची उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 70 किलो आहे; किलोच्या आकड्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 24.2 हा निर्देशांक येतो. जगाच्या सर्वसाधारण मापाने 25 पर्यंत सगळे आलबेल असते, परंतु आपल्या लोकांच्या पोटाभोवती चरबी लवकर जमते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, असे आढळल्यामुळे 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी ती सीमा 23 वर आणून ठेवली. थोडक्यात, एकच माणूस जागतिक मापाने धडधाकट आणि देशी मापाने जादा वजनाचा ठरतो. एरवी ‘स्वदेशी’चा आग्रह धरणाऱ्यांनीही या एका बाबतीत परदेशी माल वापरावा. कंबरेसाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटरची मर्यादा सांगितली जाते. तिच्यावरचा उपाय शिंप्यांनी फार पूर्वी शोधला असून त्याला इलॅस्टिक म्हणतात.

महाराष्ट्रात आहाराचे दोन मोठे संप्रदाय नांदतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा धागा पुढे नेत दिवसातून दोनदाच आणि दर वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर यांचे सांगणे असे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, आपल्या मातीतले खावे आणि तुपाला भिऊ नये. दोघांच्याही उपदेशात पुढे गोड आवरण्याच्या, चालण्याच्या, व्यायामाच्या बऱ्याच अटी आहेत, पण करारपत्रातला बारीक टाइप वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. श्रद्धाळू माणसाने दोन्ही देवळांत जावे आणि एका ठिकाणची 55 मिनिटे व दुसऱ्या ठिकाणचे तूप असा प्रसाद घेऊन घरी यावे.

या 55 मिनिटांचे खरे मोल प्रवासात कळते. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना भोर घाट चढता यावा म्हणून कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, कारण घाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ आहे; आणि इंजिने जोडली जात असताना फलाटावरून गरम बटाटेवड्याच्या टोपल्या फिरतात. ज्या चढावर गाडीला मागून रेटा लागतो, त्यावर प्रवाशाला आतून लागणारच. कर्जतला पहिला घास घेताना घड्याळ लावावे. लोणावळा साधारण पाऊण तासात येते, म्हणजे चिक्कीसाठी नियमाप्रमाणे पुरती दहा मिनिटे हातात राहतात. डेक्कन क्वीनच्या प्रवाशांना एवढाही हिशेब करावा लागत नाही, कारण 1930 पासून धावणाऱ्या त्या गाडीत बसून खाण्याचा स्वतंत्र डबाच आहे.

एसटीच्या प्रवाशांचे तर शरीरशास्त्रच साहाय्य करते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात, आणि ‘गाडी दहा मिनिटे थांबेल’ असे वाहक सांगतो. या दहा मिनिटांत मिसळ, जादा पाव, कांदाभजी आणि चहा उरकला, तर निरोप मेंदूत पोहोचेपर्यंत गाडीने तालुका ओलांडलेला असतो. मेंदूने मग तक्रार तरी कोणाकडे करावी?

मुक्कामाच्या ठिकाणी पदार्थांचे वर्गीकरण नीट करणे महत्त्वाचे आहे. कोल्हापूरला तांबडा आणि पांढरा रस्सा वाटीवाटीने पुन्हा पुन्हा वाढला जातो. तो द्रव असल्यामुळे त्याची गणना पाण्यात करावी, मग पांढऱ्यात नारळाचे दूध कितीही असो. मालवणात कोंबडी-वड्यांवर सोलकढी प्यावी, ती पाचक असते, आणि पचवायचे जितके जास्त तितकी ती जास्त प्यावी हे ओघाने आलेच. गोव्यात बेबिंकाचा तुकडा पुढे येतो. नारळाचे दूध आणि अंड्यांचे बलक घालून एकावर एक थर भाजत केलेल्या या पदार्थाचे परंपरेने सात थर असतात, परंतु वर सांगितल्याप्रमाणे नग एकच. हॉटेलातला सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो, म्हणजे तो सरळ निवासखर्च आहे. इडली, पराठा, आम्लेट, कॉर्नफ्लेक्स आणि घरी ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही असा तो गार पास्ता यांपैकी काहीही सोडणे म्हणजे खोलीचा एक कोपरा न वापरता भाडे भरण्यासारखे आहे.

येथे एक निरीक्षण नोंदवल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतल्या लेकाकडे निघालेले जोडपे बॅगेचे वजन किती प्रामाणिकपणे करते ते पाहावे. एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते. तेव्हा हाती धरायच्या काट्याला ती टांगून, चष्मा पुसून, शंभर शंभर ग्रॅमसाठी कडबोळ्यांची पिशवी चार वेळा आत-बाहेर होते. 23.4 भरले की घरात सुतक आल्यासारखे वातावरण पसरते. ज्या दोन माणसांनी ती बॅग ओढायची, त्यांच्या वजनाचा विषय त्या आठवड्यात निघालेला मी ऐकलेला नाही. शेवटी जागा होत नाही म्हणून बाहेर काढलेली कडबोळी कोण संपवते, हे सांगण्याची गरज नाही. आणि विमान कंपनी त्याचे जादा पैसे लावत नाही.

मन फारच खात असेल तर प्रायश्चित्ताची सोय पंचांगातच आहे. पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही. तुपातली साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची. यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली असून कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपीय जहाजांतून आपल्याकडे पोहोचली. उपवासाचे नियम करणाऱ्या ऋषींना यांतले एकही ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्यांना मनाई केली नाही, आणि मनाई नाही म्हणजे मुभा आहे, हा अर्थ लावायला वकीलसुद्धा लागत नाही.

घरातल्या वजनकाट्याबद्दल शेवटचे सांगतो. बलिप्रतिपदेला व्यापारी नवी वही घालतात. तुम्हीही घालावी, आणि जुन्या वहीतली अखेरची शिल्लक नव्या वहीत ओढायला खुशाल विसरावे. काटा मात्र विसरत नाही, म्हणून तो पलंगाखाली ढकलावा. पूर्वी रेल्वेच्या फलाटांवर रंगीत दिव्यांची वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की आत काहीतरी खडखडे आणि पुठ्ठ्याचे एक लहानसे तिकीट पडे, त्यावर वजनाच्या जोडीला भविष्याचे किंवा स्वभावाचे एखादे वाक्य छापलेले असे. त्यांतले एक तिकीट मी पाकिटात जपून ठेवले आहे. वजनाचा आकडा घामाने पुसून गेला आहे, पण ‘तुमची सर्व बाजूंनी भरभराट होईल’ हे वाक्य अजून स्वच्छ वाचता येते. कागदपत्रे आणि प्रत्यक्ष साठा तपासून, ते भविष्य अक्षरशः खरे ठरले आहे, विशेषतः पुढील बाजूने, असे मी लेखापरीक्षक या नात्याने प्रमाणित करतो.