ऑफिसजवळ राहा, पण ऑफिस बघून घर विकत घेऊ नका

पाडवा, दसरा जवळ आला की पुण्यातल्या नोकरदारांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: ऑफिसपासून पाच किलोमीटरच्या आत फ्लॅट घ्या. प्रवासाचे तास वाचतात. भाड्यात वाया जाणारे पैसे स्वतःच्या घरात जातात. मेट्रो धावू लागली की भाव दुप्पट होणार. टाऊनशिपमध्ये सगळं आतच मिळतं. आणि आत्ता घेतलं नाही तर पुढे परवडणार नाही. उदाहरण बहुतेक वेळा पुण्याच्या पश्चिमेकडच्या आयटी पार्कचं, हिंजवडीचं असतं. या मेसेजवर विसंबून पंचविशी-तिशीतली मुलं वीस वर्षांचं कर्ज उचलतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून बघायला हवा.

प्रवासाच्या वेळेचा मुद्दा खरा आहे. रोजचे दोन-अडीच तास गाडीत जाणं ही तब्येतीची आणि संसाराची नासाडी आहे. पण हिंजवडीत किलोमीटर मोजून काहीच कळत नाही. तुमचं घर मुंबई-बंगळूर महामार्गाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी बघा. वाकड, ताथवडे, पुनावळेकडून येणारी सगळी गर्दी वाकडचा पूल, भूमकर चौक अशा मोजक्या ठिकाणांहूनच पलीकडे जाते आणि पुढे हिंजवडीच्या शिवाजी चौकात एकवटते. नकाशावर चार किलोमीटरवर असलेलं घर सकाळी नऊ वाजता पाऊण तासावर जातं. महामार्गाच्या पलीकडे, मारुंजीत किंवा माणमध्ये घेतलं तर पूल टळतो, पण आतले रस्ते अरुंद आहेत आणि डंपर, मिक्सर, कंपन्यांच्या बसेस सगळ्या त्याच रस्त्यांवर असतात. जून २०२५ च्या पावसात आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले. बिल्डरचा माणूस रविवारी दुपारी साइटवर नेतो. तुम्ही जुलैतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी, पाऊस चालू असताना, त्याच दारातून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा.

पण या सल्ल्यातली मोठी खोट दुसरीकडेच आहे. ऑफिस जिथे आहे तिथेच राहील, हे त्यात न बोलता गृहीत धरलेलं आहे. पुण्यात आयटीची कामं हिंजवडी, बाणेर-बालेवाडी, विमाननगर, खराडी, मगरपट्टा अशी शहराच्या दोन्ही टोकांना विखुरली आहेत. नोकरी बदलली, कंपनीने जागा बदलली, प्रोजेक्ट दुसऱ्या कॅम्पसला गेला, की हिंजवडीचा माणूस खराडीला जायला लागतो, म्हणजे अख्खं शहर ओलांडून. भाड्याच्या घरातला माणूस एक महिन्याची नोटीस देतो आणि टेम्पो बोलावतो. कर्जाच्या घरातल्याला ते जमत नाही. शिवाय मेसेजमध्ये ऑफिस नेहमी एकच असतं. घरात दोघं कमावती असतील तर कुणाच्या ऑफिसजवळ? नवऱ्याच्या कंपनीजवळ घर घ्यायचं आणि बायकोने रोज तीन तास प्रवास करायचा, पुढे मूल झालं की तिनेच नोकरी सोडायची, हे मी इतक्या घरांत बघितलंय की यावर शांतपणे लिहिणं मला जड जातं.

आता ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’. ९० लाखांचा फ्लॅट धरू, त्यावर ७० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता होतो साधारण ६०,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४९,६०० रुपये निव्वळ व्याज असतं आणि मुद्दल फिटतं जेमतेम ११,२००. तसाच फ्लॅट तीस हजार भाड्याने मिळत असेल, तर बँकेकडे जाणारे पन्नास हजार कुठल्या अर्थाने स्वतःच्या घरात गेले? भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं आणि व्याजाचा भाग कमी होत जातो, हे बरोबर आहे. या आकड्यांत भाडं व्याजाला आठव्या वर्षात गाठतं. मेंटेनन्स आणि अडकलेले स्वतःचे वीस लाख हिशेबात धरले तर आणखी उशिरा. वर खरेदीच्या दिवशीच महापालिका हद्दीत सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सहा लाख तीस हजार, आणि नोंदणीचे तीस हजार खिशातून जातात. बाई एकटीच्या नावावर घेत असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या. प्राप्तिकराच्या नव्या रचनेत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या रचनेत मुद्दलाच्या फेडीवर घेतलेली वजावट, ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर परत उत्पन्नात धरली जाते. तेव्हा दहा-बारा वर्षं नक्की राहणार असाल तर विकत घेणं शहाणपणाचं आहे. तीन-चार वर्षांनी हलायची शक्यता असेल तर भाडंच स्वस्त.

मेट्रोबद्दल थोडक्यात. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि मार्च २०२५ ची मुदत हुकली. ‘मेट्रोजवळ’ म्हणून २०१९ मध्ये फ्लॅट घेतलेल्यांनी तेव्हाच जास्तीचा दर मोजला होता. भाववाढ आधीच किमतीत घातलेली असते, ती पुन्हा तुम्हाला मिळेल याची हमी कुणी देत नाही. या मार्गाचा खरा उपयोग वेगळा आहे. तो जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मार्गांना मिळतो. म्हणून दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील तर शिवाजीनगर, बोपोडी, खडकी, औंध या पट्ट्यातला जुना, थोडा लहान रिसेल फ्लॅट हिंजवडीतल्या चकचकीत फ्लॅटपेक्षा जास्त वर्षं कामाला येईल. जिम नसेल, लिफ्ट जुनी असेल. पण नोकरी बदलली तरी घर बदलावं लागणार नाही.

‘टाऊनशिपमध्ये सगळं आहे’ या वाक्याने सर्वांत जास्त फसवणूक होते, कारण त्या ‘सगळ्या’त पाणी आहे का, हे कुणी विचारत नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायतीची गावं. आयटी पार्क एमआयडीसीचा, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि वाकड लागलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. रस्त्यातल्या एका खड्ड्यासाठी कुणाचं दार वाजवायचं, हे ठरवण्यातच महिना जातो. पाण्याचं काय, ते बघायचं असेल तर सॅम्पल फ्लॅट राहू द्या. एप्रिल-मे महिन्यात शेजारच्या, चार-पाच वर्षं वस्ती असलेल्या सोसायटीच्या गेटवर जा. वॉचमनच्या टेबलावर टँकरचं रजिस्टर असतं: तारीख, गाडीचा नंबर, लिटर, सही. रोज किती गाड्या आल्या ते पान उलटून बघा. मग कुणा रहिवाशाकडे वार्षिक सभेचा हिशेब मागा आणि त्यात टँकरचा खर्च कोणत्या रकान्यात किती आहे ते वाचा. बाथरूमच्या शॉवरला पांढरा थर साठलेला दिसला तर समजा, बोअरचं जड पाणी चालू आहे. स्थानिक संस्थेचं पाणी येईपर्यंत सोय करण्याचं हमीपत्र बिल्डर परवानगीच्या वेळी देतो. कारभार सोसायटीकडे गेला की तो खर्च रहिवाशांच्या मेंटेनन्सवर येऊन पडतो.

‘गाव महापालिकेत गेलं की सुटेल’ हे उत्तर यावर ठरलेलं असतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, आणि २०२४ मध्ये त्यांना वगळून वेगळी नगरपरिषद केली गेली. खुद्द पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. समावेशाच्या आशेवर पैसे लावू नका, आज नळाला काय येतंय त्यावर लावा.

राहता राहिली घाई. ‘आज टोकन दिलं तरच हा दर’ असं सांगून संध्याकाळी सातला सही घेतली जाते. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याला तोंडावर सांगा. घरी येऊन महारेराच्या, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची मूळ तारीख काय होती, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर दावा आहे का, हे तिथे दिसतं. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची प्रत हातात घ्या, ‘अर्ज केलाय’ यावर थांबू नका. आणि निर्णय होत नसेल तर त्याच इमारतीत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही येऊ द्या.